सिंथिया फॅरार यांच्या नोंदीविषयी खुले पत्र

प्रति,
इतिहास विषय समिती,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे यांस

सिंथिया फॅरार (२० एप्रिल १७९५ – २५ जानेवारी १८६२) या अमेरिकेतून आलेल्या शिक्षिका होत. आधी मुंबईत आणि नंतर अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मधली दोन-अडीच वर्षे वगळली तर १८२७ च्या अखेरीपासून मृत्यूपर्यंतचे त्यांचे सगळे आयुष्य मराठी मुलखात गेले. मराठी वाचकाला मात्र हे नाव बहुधा एकाच वाक्यात भेटते: सावित्रीबाई फुले यांनी नगरला मिस फॅरार यांच्या संस्थेत अध्यापनाचे शिक्षण घेतले. वाक्य खरे आहे. त्यात फॅरारबाई ‘यांच्या’ या षष्ठीत येतात आणि तिथेच संपतात. कर्ता म्हणून त्यांना एखादे वाक्य मिळावे एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

नावापासून सुरुवात करावी लागते, कारण मराठीत ते धडपणे लिहिलेही जात नाही. फरार, फेरार, फॅरार अशी तीन-चार रूपे छापलेली आढळतात. त्यातले ‘फरार’ सर्वांत जास्त रुळलेले आणि पाठ्यपुस्तकासाठी सर्वांत गैरसोयीचे. पोलिसांना हवा असलेला आरोपी आणि सावित्रीबाईंच्या शिक्षिका यांना एकच शब्द वापरला की चौथीच्या वर्गात काय होईल हे कुठलाही शिक्षक सांगेल. उच्चाराच्या जवळचे ‘फॅरार’ हे रूप समितीने एकदा ठरवून टाकलेले बरे. दुसरी चूक ‘मिसेस’ची. काही लेखनात त्यांचा उल्लेख मिसेस असा होतो. त्या अविवाहित होत्या, आणि ही बाब तपशिलातली नव्हे. त्या अविवाहित होत्या म्हणूनच त्यांना इकडे बोलावले गेले.

त्यांचा जन्म न्यू हॅम्पशर राज्यातल्या मार्लबरो या गावचा. ईशान्य अमेरिकेच्या त्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘अ‍ॅकॅडमी’ नावाच्या खासगी शाळा निघत होत्या आणि त्यातल्या काहींत मुलींनाही प्रवेश मिळे. शिकलेल्या मुलीला घराबाहेर पडून करता येण्याजोगे एक काम होते, ते मास्तरकीचे. फॅरार अशाच एका अ‍ॅकॅडमीत शिकल्या आणि नंतर त्यांनी न्यू हॅम्पशरमध्ये व बॉस्टनला कित्येक वर्षे शिकवले. भारतात येताना त्यांनी बत्तिशी ओलांडली होती. धर्मोत्साहाने भारावून घर सोडलेली कोवळी मुलगी असे जे चित्र ‘मिशनरी’ या शब्दाने डोळ्यांपुढे येते ते इथे लागू पडत नाही. मुंबईला आल्या त्या वर्ग हाताळण्यात मुरलेल्या बाई.

त्यांची मंडळी, म्हणजे चर्च, काँग्रिगेशनल पंथाची. या पंथात बिशप नसतो. प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपण पाहते आणि आपला पाळक आपण नेमते. सभासदाने बायबल स्वतः वाचावे, स्वतः समजून घ्यावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे वाचता येणे ही तिथे चैन नसून श्रद्धेची गरज मानली जाई. मुलीला अक्षरओळख हवी, कारण तिलाही आत्मा आहे आणि तिलाही शास्त्र वाचायचे आहे. फॅरारबाईंच्या शाळांमागचा विचार या एका वाक्यात मावतो. तो बाजूला ठेवून त्यांना केवळ ‘समाजसेविका’ म्हणणे हे त्यांच्यावर उपकार केल्यासारखे दिसते, पण त्यांना ते पटले नसते.

आता बोलावण्याचे कारण. १८१० साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोचले. कंपनी सरकारला ते नको होते. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना दार किलकिले झाले आणि त्यांचे मुंबईतले बस्तान बसले. पुढे अमेरिकन मराठी मिशन या नावाने ओळखले गेलेले काम ते हेच. मुलग्यांच्या शाळा निघाल्या, छापखाना आला, आणि १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. या शाळांकडे लक्ष द्यायचे ते मिशनऱ्यांच्या बायकांनी. पण त्यांच्यामागे घर, मुले, आजारपणे आणि मृत्यू यांची रीघ होती. हॉल स्वतः १८२६ मध्ये कॉलऱ्याने गेले. मुंबईच्या हवेत त्या काळी युरोपीय-अमेरिकन कुटुंबे फार टिकत नसत. तेव्हा संसार नसलेली, शाळा हेच पूर्णवेळ काम करील अशी एक शिक्षिका पाठवा, अशी मागणी मुंबईहून बॉस्टनला बोर्डाकडे गेली. बोर्डाने फॅरार यांची निवड केली. ५ जून १८२७ रोजी त्या निघाल्या आणि २९ डिसेंबरला मुंबईत उतरल्या. जवळजवळ सात महिन्यांचा समुद्रप्रवास.

अमेरिकेतून परदेशी पाठवली गेलेली पहिली अविवाहित मिशनरी स्त्री असा मान त्यांना अनेकदा दिला जातो. पाठ्यपुस्तकांना ‘पहिली’ हा शब्द फार प्रिय असल्याने इथे थोडे थांबायला हवे. गुलामीत जन्मलेल्या आणि नंतर मुक्त झालेल्या बेट्सी स्टॉकटन या कृष्णवर्णी शिक्षिका १८२२ मध्येच याच बोर्डाच्या तुकडीबरोबर हवाई बेटांकडे निघाल्या होत्या आणि तिथे त्यांनी शाळाही चालवली. त्यांच्या करारात एका मिशनरी कुटुंबाच्या घरकामाचा भाग होता, म्हणून त्यांना गणतीतून वगळण्याची सोय झाली. ती सोय आज कोणी घेऊ नये. केवळ शाळांसाठी मागवलेली आणि भारतात आलेली पहिली अविवाहित अमेरिकन शिक्षिका एवढे फॅरार यांच्याबद्दल म्हणावे. ते पुरेसे मोठे आहे.

मुंबईत त्यांच्यापुढे जे काम होते ते एका शाळेचे नव्हते. वस्त्यावस्त्यांत विखुरलेल्या लहान लहान शाळा होत्या आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायची होती. त्या काळच्या मिशनच्या शाळा कशा चालत हे कळल्याशिवाय या कामाचा अंदाज येत नाही. भाड्याची खोली नाही तर कोणाच्या घराची ओटी-पडवी. शिकवायला बहुधा हिंदू पंतोजी, कारण मराठी लिहायला-वाचायला शिकवू शकेल असा दुसरा माणूस मिळत नसे, आणि शिकलेल्या मराठी स्त्रिया तर अशा कामाला मिळणेच अशक्य होते. पंतोजीचा पगार पुष्कळदा हजेरीवर ठरे. हजेरी फुगवण्याचा मोह उघड होता, आणि तपासायला अचानक जाणे हाच त्यावरचा उपाय. मुलींनी यावे म्हणून अधूनमधून कापडाचा तुकडा किंवा एखादी लहानशी वस्तू दिली जाई. शिकायचे ते वाचन, लेखन, हिशेब, थोडा भूगोल, शिवणटिपण आणि दहा आज्ञा व प्रश्नोत्तरे यांचे पाठांतर. पंतोजी स्वतः ज्या धर्माचे नाहीत त्याची प्रश्नोत्तरे मुलींकडून घोकून घेत, आणि महिनाअखेर बाई येऊन ती ऐकत. या व्यवस्थेतला विनोद दोन्ही बाजूंना कळत असणार.

१८२९ पर्यंत या शाळांतल्या मुलींची संख्या सुमारे ४०० वर गेली. आजच्या एका मध्यम शाळेएवढी ही संख्या. पण मुलगी वाचायला शिकली तर तिला वैधव्य येते ही समजूत घरोघर पक्की असलेल्या शहरात घरांनी सुमारे ४०० मुली शाळेत पाठवल्या. याचा अर्थ विरोध सरसकट नव्हता. घराघरात, आईबापांत, शेजाऱ्यांत त्यावर घासाघीस होत असली पाहिजे. खर्चासाठी मुंबईतल्या इंग्रज रहिवाशांच्या वर्गण्याही मिळत. १८२९ मध्येच स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन मुंबईस आल्या आणि त्या मिशनच्या मुलींच्या शाळा सुरू झाल्या. १८३५ मध्ये त्या वारल्या. या सगळ्या शाळांतल्या मुली आठ-दहा वर्षांच्या झाल्या की लग्न होऊन शाळेतून जात. म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी सगळा वर्ग नवा. फॅरारबाईंच्या कामाचा खरा जाच इथे होता, आणि त्यावर त्यांच्याकडे तोड नव्हती.

शिकायला पुस्तके कोणती होती, हेही नोंदवण्याजोगे आहे. अमेरिकन मिशनच्या छापखान्याने १८२६ मध्ये मराठी नवा करार छापला होता. व्यवहाराची लिपी मोडी, पण मिशनची छपाई बाळबोधात, म्हणजे देवनागरीत. त्यामुळे या शाळांतल्या मुली जी लिपी गिरवत ती दुकानाच्या वहीची नव्हती, छापील पुस्तकाची होती. आजचा महाराष्ट्र जिला सहज ‘मराठी लिपी’ म्हणतो ती रुळवण्यात छापखान्यांचा वाटा मोठा.  

दहा वर्षांनी प्रकृतीने साथ सोडली. १८३७ मध्ये फॅरार अमेरिकेला परतल्या. तेव्हा त्या बेचाळिशीत होत्या, आणि तिथेच राहिल्या असत्या तर कोणी बोट दाखवले नसते. १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या, आणि या वेळी नेमणूक झाली नगरला.

नगरमध्ये मिशनचे ठाणे १८३१ पासून होते. हवा मुंबईपेक्षा कोरडी आणि सोसणारी, पण काळ मोठा अवघड. त्याच १८३९ मध्ये मुंबईत धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांचा बाप्तिस्मा होऊन कोर्टकज्जे झाले आणि स्कॉटिश मिशनच्या शाळेतली मुले एकदम घटली. नगरमध्येही त्याच सुमारास हरी रामचंद्र खिस्ती यांच्यासारखे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. एखादा बाप्तिस्मा झाला की आसपासच्या शाळा ओस पडत आणि काही महिन्यांनी हळूहळू पुन्हा भरत, हा त्या दशकातला नेहमीचा क्रम. शाळा उभारणाऱ्यांना तो क्रम ठाऊक होता आणि तो स्वीकारूनच ते काम करत. १८४२ मध्ये नगरहूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. मंडळी लहान होती, पण गावात तिची चर्चा मोठी होती.

या गावात फॅरारबाई बावीस वर्षे राहिल्या. मिशनच्या कागदोपत्री त्या ‘सहायक मिशनरी’. हा हुद्दा पुरुष मिशनऱ्याची पत्नी आणि अविवाहित शिक्षिका या दोघींसाठी सारखाच होता. त्यांनी प्रवचन करायचे नाही, बाप्तिस्मा द्यायचा नाही, प्रभुभोजनाचा विधी चालवायचा नाही. मंडळीत त्या सभासद. उपासनेत बाकावर बसायचे आणि सोमवारी शाळेत उभे राहायचे. मिशनचा इतिहास ज्यांनी लिहिला ते बहुतेक व्यासपीठावरचे होते, त्यामुळे व्यासपीठाचा वृत्तान्त भरपूर आहे आणि वर्गाचा तुटपुंजा. फॅरारबाईंच्या वाट्याला मराठीत एक वाक्य आले याचे एक कारण हेही आहे.

ते वाक्य ज्या घटनेमुळे लिहिले जाते ती आता. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर नगरला गेले आणि तिथे त्यांनी फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. परतल्यावर १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना अक्षरओळख जोतीरावांनी घरी करून दिली होती. अध्यापनाचे शिक्षण त्यांनी नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले. इथे ‘शिकल्या’ या शब्दाने घोटाळा होतो. सावित्रीबाई नगरला बाराखडी शिकायला गेल्या नव्हत्या. वर्ग कसा बसवायचा, वेगवेगळ्या वयाच्या मुलींना एका खोलीत कसे गुंतवून ठेवायचे, न येणारीच्या घरी कोणी आणि कसे जायचे, ही विद्या पुस्तकातली नव्हे. ती तोवर वीस वर्षे मराठी मुलींच्या शाळा चालवलेल्या बाईंपाशी होती. मराठी मुलखात त्या काळी तेवढा अनुभव असलेली दुसरी व्यक्ती दाखवणे कठीण आहे. शिवाय नगरला पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट होती: शाळेचा कारभार एक बाई हाकते, पंतोजींकडून हिशेब घेते. पुण्यात शेणगोळे झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंना त्या दृश्याचा काही उपयोग झाला असेल, असे मानायला हरकत नाही.

मात्र इथून पुढे फॅरारबाईंना श्रेय वाटत बसणेही बरोबर नाही. फुले दांपत्याच्या शाळांनी नगरचा कित्ता गिरवला नाही. प्रश्नोत्तरांचे पाठांतर गेले, शूद्रातिशूद्रांच्या मुलींना प्रवेश हा मध्यवर्ती हेतू झाला, आणि शाळा चालवणारे लोक याच मातीतले होते. नगरच्या बाईंनी मुलीला शिकवले ते तिच्या तारणासाठी. पुण्यात तीच मुलगी शिकली ती जातीच्या आणि पुरुषाच्या दास्यातून सुटण्यासाठी. पद्धत तिकडून आली, प्रयोजन इकडचे. धड्यात हा फरक सांगितला नाही तर एक तर मिशनरी सर्वांचे उद्धारकर्ते ठरतात, नाही तर त्यांचे नावच पुसले जाते. दोन्ही सोयीचे आणि दोन्ही खोटे.

फॅरारबाईंवरचा नेहमीचा आक्षेप हाच, की शाळा हे धर्मांतराचे साधन होते. होते, आणि ते लपवलेले नव्हते. पण याच काळात उलट बाजूने काय चालले होते हे क्वचितच सांगितले जाते. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये शिष्टमंडळ घेऊन भारतात आले, नगरलाही आले. त्यांचे मत असे की मिशनचा पैसा आणि माणसे शाळांत फार अडकली आहेत, शाळांतून ख्रिस्ती फारसे होत नाहीत, तेव्हा भर मातृभाषेतल्या उपदेशावर आणि देशी पाळकांच्या मंडळ्यांवर द्यावा. त्याप्रमाणे धोरण बदलले आणि मिशनच्या इंग्रजी शाळा बंद झाल्या. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती त्याच सुमारास. गावाला शंका की ही शाळा बाटवते, आणि बॉस्टनला शंका की ही शाळा पुरेसे बाटवत नाही. अशा दुहेरी संशयाखाली त्या सुमारास साठीला टेकलेल्या फॅरारबाई आपले काम करत राहिल्या. शाळांचा हेतू आणि शाळांचा परिणाम या दोन गोष्टी एकच नव्हत्या, हे विद्यार्थ्याला शिकवायचे तर याहून चांगले उदाहरण हाताशी नाही.

त्यांच्या अखेरच्या दशकात मुलींची शाळा ही गोष्ट मिशनपुरती उरली नव्हती. मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी १८४९ मध्ये मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा काढल्या. नोव्हेंबर १८५२ मध्ये सरकारने पुण्यात विश्रामबागवाड्यात फुल्यांचा सत्कार केला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदानाची वाट खुली केली आणि स्त्रीशिक्षणाला सरकारी पाठिंब्याचे शब्द दिले. १८२७ मध्ये ज्या कामासाठी माणूस समुद्रापलीकडून मागवावा लागला ते काम आता इथलेच लोक करत होते.

निवृत्ती त्यांनी घेतली नाही. मिशनमध्ये तशी पद्धतही नव्हती. माणूस आजारी पडून मायदेशी जाई किंवा इथे मरे. २५ जानेवारी १८६२ रोजी नगरमध्ये त्यांचे निधन झाले. वय सहासष्ट. मिशनमध्ये एकूण चौतीस वर्षे काढली. सावित्रीबाईंना त्या महिन्यात ३१ वर्षे पूर्ण झाली होती, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात फुल्यांच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले.

समितीपुढची मागणी लहान आहे. सावित्रीबाईंच्या धड्यातल्या उल्लेखाला हात लावण्याचे कारण नाही. त्याखेरीज एकोणिसाव्या शतकातल्या शिक्षणावरच्या प्रकरणात फॅरार यांची पंधरा-वीस ओळींची स्वतंत्र नोंद असावी. तीत मार्लबरो, मुंबई आणि नगर ही तिन्ही गावे यावीत. ‘मिस’ आणि ‘फॅरार’ ही रूपे वापरावीत. ‘पहिली’ हा शब्द लिहायचाच झाल्यास बेट्सी स्टॉकटन यांचे नाव शेजारी असावे. धर्मप्रसाराचा हेतू स्पष्ट शब्दांत सांगावा आणि अँडरसन यांच्या भेटीची ओळ गाळू नये. स्वाध्यायात एकच प्रश्न पुरे: हजेरीवर पगार मिळणाऱ्या पंतोजीची खरी पटसंख्या कशी तपासाल? मुले उत्तरे देतील, कारण हा प्रश्न त्यांच्याही शाळेला नवा नाही.

कळावे.

शिक्षणाच्या इतिहासाचा एक वाचक